लोटे एमआयडीसीतल्या नोकरशोधकासाठी झेरॉक्सचं दुकान: पाचपैकी साडेतीन

खेड आणि चिपळूण एसटी स्टँडच्या आसपासची झेरॉक्स-सायबरची दुकानं लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत नोकरी करत दुसरी शोधणाऱ्याच्या कितपत उपयोगी पडतात, एवढ्यापुरताच हा रिव्ह्यू. दाखले, लॅमिनेशन, लग्नपत्रिका यांच्याशी इथे घेणंदेणं नाही. एक गुण दुकानातल्या कॉम्प्युटरने घालवला, अर्धा पावसाने.

दुकानात जायचंच कशाला, असं विचारणारे पुष्कळ. कंपनीचा प्रिंटर हाताशी असतो आणि फुकट असतो. दोन पानांनी कंपनी बुडत नाही हेही कबूल. पण प्रिंटर, नेट आणि ड्युटीचे तास कंपनीने कामासाठी दिलेत. त्यांच्यावरच कंपनी सोडायची तयारी करायची, हे आमच्या मते बरोबर नाही. तत्त्व बाजूला ठेवलं तरी व्यवहारात हे महाग पडतं. प्रिंट सर्व्हरच्या नोंदीत कोणी, किती वाजता, किती पानं मारली हे राहतं, आणि बहुतेक ठिकाणी फाइलचं नावही. कंपनीच्या वायफायवर साइटचा मजकूर आयटीवाल्याला दिसत नसेल, पण कुठली साइट उघडली ते कळतं. ऑफिसच्या वर्डमध्ये रेझ्युमे बनवला तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव बसलेलं असू शकतं, आणि तीच फाइल नव्या एचआरकडे जाते. नोकरीच्या साइटवर ऑफिसचा मेल आयडी टाकणाऱ्यांची वेगळीच पंचाईत. नोकरी सुटली की मेल बंद, ओटीपी त्याच मेलवर, खातं अडकलं.

आता दुकानाकडे. काळ्या-पांढऱ्या पानाला साधारण दोन ते पाच रुपये, रंगीतला दहाच्या पुढे. रंगीत प्रिंट घेऊ नका. रेझ्युमेला रंग लागत नाही, आणि फोटो मागितला असेल तर ३५ × ४५ मिमीचा वेगळा चिकटवा.

जून ते सप्टेंबर कागद बघून घ्या. उघड्या रीमचा, म्हणजे फोडून ठेवलेल्या गठ्ठ्याचा, कागद दमट हवा ओढतो. मग तो मशीनमध्ये वळतो, अडकतो, आणि ओलाव्यामुळे टोनर नीट भाजला जात नाही. प्रिंट हातात आली की नाव छापलंय तिथे अंगठा घासा. काळं बोटाला लागलं तर तो गठ्ठा परत द्या आणि ७५ जीएसएम वजनाच्या कागदाची नवी रीम फोडायला सांगा. चांगला दुकानदार कुरकुरत नाही, त्यालाही जॅम काढायचा कंटाळा असतो. लाइट गेली असेल तर तो म्हणेल, "थांबा ओ, इंकजेटवर देतो." कारण लेझर प्रिंटर कागद तापवताना एकदम मोठा करंट ओढतो आणि साधा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. इंकजेटची प्रिंट दिसते छान, पण त्या शाईवर पावसाचा थेंब पडला की बहुतेक वेळा अक्षर फुटतं. तासभर थांबायची तयारी असेल तर लेझरच घ्या, आणि दुकानाबाहेर पडण्याआधी कागद प्लास्टिक फोल्डरमध्ये टाका.

फाइल पीडीएफच न्या. वर्डची फाइल दुकानाच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडली की फाँट बदलतो, टेबल सरकतं, एका पानाचं दीड पान होतं. शाळा, पतसंस्था अशा ठिकाणी मराठी अर्ज द्यायचा असेल तर टाइप करणाऱ्याला आधीच युनिकोडमध्ये करायला सांगा. डीटीपीवाले सवयीने जुन्या फाँटमध्ये टाइप करतात; कागदावर ते झकास दिसतं, ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रमाणपत्रं स्कॅन करायची तर २०० डीपीआय ग्रेस्केल पुरतं. ३०० रंगीत केलं की फाइल फुगते आणि साइट ती घेत नाही.

गुण गेला तो पुढच्या गोष्टीत. "ह्या नंबरवर व्हॉट्सॲप करा," हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. तुम्ही पाठवलेली फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्समध्ये जाऊन बसते. नंतर मोबाइलवरून "डिलीट फॉर एव्हरीवन" केलंत तरी तिथली कॉपी जात नाही. समोर उभं राहून शिफ्ट-डिलीट करायला सांगा, लाजायचं कारण नाही. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून काढून न्या. तिथे स्वतःचा मेल उघडावा लागलाच तर इनकॉग्निटोमध्ये, आणि उठताना साइन आउट. पेनड्राइव्ह नेलात तर त्यात रेझ्युमेखेरीज काही नको. दुकानातून शॉर्टकट व्हायरस घेऊन आलेला तो पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॉम्प्युटरला लावणं हा दोन फुकट पानांपेक्षा कितीतरी मोठा अपराध आहे. आधी घरी फॉरमॅट करा, आणि तरीही लावू नका.

दुकान कुठलं निवडायचं? लोटे फाट्याजवळचं टाळा. जनरल शिफ्ट सुटली की तिथे अर्धी कंपनी चहाला असते, आणि "काय, कुठे चाललास?" हा प्रश्न तुमच्याआधी प्लांटमध्ये पोचतो. कंपनीच्या बसने खेड किंवा चिपळूणला उतरा आणि बाजारातल्या आतल्या दुकानात जा. दुपारी बरीच दुकानं बंद असतात. फर्स्ट शिफ्टवाल्यांनी चारनंतरच जावं.

जे दुकानात सुटत नाही तेही सांगायला हवं. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंट लेटर हे कागद तुमचेच. कंपनीच्या पोर्टलवरून ते काढण्यात काही गैर नाही. फक्त स्वतःच्या मोबाइलवरून काढा आणि नोकरीत असतानाच काढा. बहुतेक एचआर शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागतात. बॅच शीट, एसओपी (कामाची लिहून ठेवलेली पद्धत), पाइपिंगची ड्रॉइंग, ग्राहकांची यादी मात्र तुमची नाही, भले ती तुम्ही स्वतः टाइप केलेली असो. मुलाखतीत "कामाचा नमुना" म्हणून असा कागद पुढे करणाऱ्या केमिस्टला शहाणा मॅनेजर घेत नाही; उद्या हाच आमचेही कागद नेईल, हे त्याला कळतं. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्येही येतं. रेझ्युमेतसुद्धा "रिॲक्टर ऑपरेशन, तीन शिफ्टचं नियोजन" इतकं पुरे. प्रॉडक्टचं यील्ड (उतारा) आणि ग्राहकाचं नाव लिहू नका.

रजेचंही तेच. मुंबईच्या मुलाखतीसाठी खोटा ताप काढून सिक लीव्ह घेण्यापेक्षा सरळ एक कॅज्युअल टाका, कारण द्यायचं तर "घरगुती काम" म्हणा. व्हिडिओ राउंड दुकानाच्या केबिनमध्ये देऊ नका. बाजूला पॅनकार्डवाले बोलत असतात.

चिपळूणकरांना मूळ कागदांचं वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात घराघरांतली कपाटं पाण्याखाली गेली. स्कॅन एकदाच नीट करून घ्या, एक प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा, आणि डिजिलॉकरमध्ये मिळतील ती प्रमाणपत्रं तिथूनच काढा. तिथली प्रत माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार मुळासारखीच धरली जाते.

जूनमध्ये ॲडमिशनच्या दाखल्यांची रांग असते आणि गणपतीच्या आधी बॅनर-पावत्यांची. त्या दिवसांत दुकानदार तुमच्या पीडीएफकडे बघणारही नाही, फाइल पुसायला थांबणं तर दूरच. अर्जाची तारीख त्यात अडकत असेल तर आठवडाभर आधी जाऊन चार-पाच प्रती मारून ठेवा.