नाण्यांचे स्लॅब आणि कॅप्सूल साफ करणं : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१८४० च्या चांदीच्या रुपयावर राणीच्या मानेखाली विल्यम वायनची डब्ल्यू. डब्ल्यू. ही आद्याक्षरं असतात. दहापट भिंगातून ती बघताना वरच्या प्लॅस्टिकवर बोटांचा तेलकट थर आणि बारीक चऱ्यांची जाळी असेल, तर चरे नाण्यावर आहेत की स्लॅबवर, म्हणजे ग्रेडिंग कंपनीनं नाणं बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यावर, हेच कळत नाही. आणि भावात मोठा फरक पडतो तो त्यावरच. म्हणून पावसाळ्याच्या आधीपासून मी माझ्याकडचे होल्डर, म्हणजे स्लॅब आणि उघडता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कॅप्सूल, एकाच पद्धतीनं साफ करतोय. सामान मोजकं आहे : कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर, मायक्रोफायबरची कापडं, भांडी घासायचं लिक्विड, डिस्टिल्ड वॉटर आणि मेग्वायर्सचं प्लॅस्टएक्स पॉलिश.

यातलं सर्वांत उपयोगी काय, तर ब्लोअर. धुळीत वाळूचे कण असतात, ते कापडाखाली सापडले की नवे चरे पडतात. आधी हवेनं धूळ उडवायची, मगच कापड लावायचं. कोरड्या कापडानं घासलं तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि पुन्हा धूळ ओढली जाते, त्यामुळे मी कापड किंचित ओलसर ठेवतो.

किंचितच, कारण स्लॅब वॉटरप्रूफ नसतो. नाणी तपासून त्यांचा दर्जा म्हणजे ग्रेड ठरवणाऱ्या कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी अशा बंद डब्यांत देतायत. डब्याचे दोन भाग घट्ट जोडलेले असले तरी सांध्यातून पाणी आत जाऊ शकतं, आणि एकदा गेलेलं पाणी बाहेर काढता येत नाही. नळाखाली स्लॅब धरायचा प्रश्नच नाही. लिक्विडचा एक थेंब वाटीभर पाण्यात, कापड त्यात बुडवून पूर्ण पिळायचं, फक्त सपाट भाग पुसायचा, लगेच कोरड्या कापडानं टिपायचं. बहुतेक स्लॅब एवढ्यानंच स्वच्छ होतात. पॉलिशची बाटली मी फार कमी वेळा उघडली.

जिथे उघडली, तिथे पॉलिशनं छान काम केलं. तांदळाच्या दाण्याएवढं घ्यायचं, हलक्या हातानं गोल फिरवायचं, सुकायच्या आत पुसायचं. धुरकटपणा आणि केसासारखे चरे जातात. नख अडकेल असा खोल चरा मात्र जात नाही. कडा आणि उठावाची अक्षरं यांपासून पॉलिश लांब ठेवा, तिथे पांढरी भुकटी बसते. नोव्हस नावाचं पॉलिशही मिळतं. त्यात १ नंबर सफाईचा, २ बारीक चऱ्यांचा, ३ खोल चऱ्यांचा. ३ नंबर वापरला की पुढे २ आणि १ वापरावेच लागतात.

आता रसायनांबद्दल, कारण नुकसान इथेच होतं. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे नाण्यावर आलेला हिरवट चिकटपणा काढायला आपण ॲसिटोन वापरतो. तीच बाटली स्लॅबजवळ आणू नका. स्लॅब-कॅप्सूलसाठी वापरली जाणारी पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक ही दोन्ही प्लॅस्टिकं ॲसिटोन विरघळवतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनरलाही हेच लागू. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एका रिकाम्या ॲक्रिलिक कॅप्सूलवर मुद्दाम लावून पाहिलं : आधी चकाकी आली, नंतर ताण असलेल्या कडेला बारीक भेगांचं जाळं दिसायला लागलं. संत्र्याच्या सालीच्या तेलाचं डाग काढायचं द्रावणही नको. त्या तेलानं थर्माकोल विरघळतो, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच.

प्रदर्शनातले विक्रेते किमतीचं स्टिकर थेट स्लॅबवर लावतात, याचा मला खरोखर राग येतो. ते सावकाश, एका कोपऱ्यातून सोलायचं. राहिलेला गोंद त्याच स्टिकरच्या चिकट बाजूनं टिपत राहायचा, तो हळूहळू निघून येतो. ब्लेड लावू नका.

उघडणाऱ्या कॅप्सूलचं काम सोपं. नाणं फक्त कडेला धरून बाहेर काढायचं, मऊ कापडावर ठेवायचं, मग दोन्ही झाकणं साबणाच्या पाण्यात धुवायची. शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं, नळाच्या पाण्याचे क्षार वाळून पांढरे ठिपके राहतात. रात्रभर उघडी वाळवायची, कोकणात किंवा मुंबईत जुलै असेल तर त्याहून जास्त. ओल आत राहिली तर चांदीवर डाग पडतात. कॅप्सूलच्या आतल्या बाजूला पॉलिश कधीच नको, ते थेट नाण्याला लागतं.

पुठ्ठ्याच्या होल्डरमधल्या शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) मी या सगळ्यातून वगळल्या. त्यांची मायलरची (पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची) खिडकी मळली की होल्डरच बदलतो, तो स्वस्त असतो. जुनी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं तर धुवायचीच नाहीत, नाणं काढून फेकायची.

खोल चरा असलेला एक स्लॅब उरलाय. तो फोडला तर ग्रेडची हमी जाते, त्यामुळे त्याला हात लावला नाही. ग्रेडिंग कंपन्या ग्रेड न बदलता नवा होल्डर लावून देतात, पुढची नाणी पाठवेन तेव्हा तोही त्यांच्याबरोबर जाईल.