टॅगर लावायचा की आपला खेळ खेळायचा?

शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्यात एक मिडफिल्डर भारी आहे, सामन्यात तीसेक वेळा चेंडू त्याच्याच हातात. मेलबर्नच्या उपनगरात हौशी संघाला फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) शिकवणाऱ्याला हा पेच नवा नाही. त्या मिडफिल्डरच्या पाठीला आपला एक टॅगर, म्हणजे फक्त त्यालाच रोखणारा गडी, चिकटवायचा, की त्याला मोकळं सोडून आपण आपलं खेळायचं?

टॅगरवाले २०२३चा दाखला देतात. हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसनं कॉलिंगवुडच्या निक डेकॉसला अख्ख्या सामन्यात पाच डिस्पोजलवर (किक किंवा हँडबॉल, म्हणजे मुठीनं ठोसून दिलेला पास) रोखलं आणि तळाकडच्या हॉथॉर्ननं ३२ गुणांनी बाजी मारली. डेकॉसचा गुडघा त्याच सामन्यात दुखावला होता, हे मात्र सोयीस्करपणे गाळलं जातं.

टॅगर फुकट मिळत नाही. खेळ मधून सुरू होताना ५० मीटरच्या चौकोनात आपले चारच जण असतात: रकमन (वर उडालेला चेंडू आपल्या गड्यांकडे ढकलणारा उंच खेळाडू) आणि तीन मिडफिल्डर. त्यातला एक माणसाकडे बघत बसला की चेंडूसाठी उरले दोन. त्यात एएफएल या अव्वल लीगमध्ये २०१९पासून ६-६-६चा नियम आहे: बचावात, मध्ये आणि आक्रमणात प्रत्येकी सहा जण, म्हणजे त्या क्षणी बचावात जादा माणूस उभा करता येत नाही. (तुमच्या लीगमध्ये हा नियम आहे का, ते आधी बघा.) मधली लढाई हातची गेली की काय होतं, ते २०२१च्या अंतिम सामन्यात दिसलं. बुलडॉग्ज तिसऱ्या क्वार्टरमध्ये १९ गुणांनी पुढे होते. मग मेलबर्ननं मधूनच चेंडू उचलून गोलांचा सपाटा लावला आणि सामना ७४ गुणांनी जिंकला.

आम्ही एकदा टॅगर लावला तेव्हा समोरचा गडी पक्का निघाला. स्टॉपेज आला (खेळ थांबून पंच तो पुन्हा सुरू करतो) की तो सरळ चालत फॉरवर्ड पॉकेटकडे, म्हणजे गोलाशेजारच्या कोपऱ्याकडे, निघायचा, आमचा पोरगा इमानदारीत त्याच्या मागे. रकमनच्या पुढ्यात मोठ्ठं भगदाड! त्यातून त्यांचा दुसराच मिडफिल्डर तीनदा सुसाट निघून गेला.

टॅगर नको म्हणणारे रिचमंड संघाकडे बोट दाखवतात. २०१७, २०१९ आणि २०२०ची विजेतेपदं त्यांनी क्लिअरन्सच्या (स्टॉपेजमधून चेंडू बाहेर काढण्याच्या) जोरावर मिळवली नाहीत. समोरच्याला घाईत किक मारायला लावायची, चुकली की उलटा हल्ला. पण त्याला अठराच्या अठरा जण पळावे लागतात. मंगळवारच्या सरावाला अकरा टाळकी येत असतील तर रिचमंडचं नाव काढू नका.

माझं मत विचाराल तर आधी गडी कुठल्या जातीचा आहे ते बघा. ढिगाऱ्यात घुसून चेंडू उपसणारा असेल तर टॅगर वाया जातो. चेंडू असतो तिथे तो असतोच, त्याच्याशी आपला सगळ्यात दांडगा गडी भिडवा. बाहेर उभा राहून हँडबॉल घेऊन पळणारा असेल तर मात्र टॅगर लावाच, त्याची रसदच तुटते. तोही फक्त स्टॉपेजपुरता. चेंडू मोकळा झाला की आपला गडीही मोकळा.

हे काम संघातल्या सगळ्यात कच्च्या पोराच्या गळ्यात बांधू नका. ज्याच्या हाती चेंडू आला तर समोरच्याला धडकी भरेल, असा निवडा. आणि त्याला गुरुवारीच सांगा. शनिवारी बूट बांधताना सांगितलं की तो दिवसभर जर्सी ओढत बसतो आणि पंच फ्री किक देत सुटतात.