विस्मृतीतल्या चित्रकर्तीचे चरित्र: प्रकाशकाकडे द्यावे की स्वतः छापावे?

ज्या चित्रकर्तीचे नाव तिच्या जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, तिचे चरित्र लिहून झाल्यावर हस्तलिखित पुण्या-मुंबईच्या प्रस्थापित प्रकाशकाकडे सोपवावे की सांगली-साताऱ्यात स्वखर्चाने छापून घ्यावे, असे मला आताशा बरेच जण विचारतात. माझे एकच पुस्तक या दोन्ही वाटांनी गेले आहे, हे विचारण्याचे कारण. पहिली आवृत्ती पुण्यातल्या एका प्रकाशकाने काढली, आणि हक्क परत मिळाल्यावर दुसरी मी सांगलीत छापून घेतली. त्या बाईंचे नाव येथे घेत नाही, नाहीतर हा आढावा म्हणजे जाहिरातच व्हायची. बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत आणि उरलेल्या वेळात जलरंगात काम करीत, एवढे सांगितले तरी पुढच्या मजकुरासाठी पुरे आहे.

परवानग्यांची कटकट दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून ती आधी बाजूला ठेवतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चित्राचे हक्क संरक्षित असतात, आणि ज्याच्या भिंतीवर चित्र टांगले आहे त्याच्याकडे ते हक्क असतातच असे नाही. म्हणजे छायाचित्र घेऊ देणारे घर वेगळे आणि ते छापण्याची संमती देणारे वारस वेगळे. प्रकाशक हे काम आपल्यासाठी करील, या भ्रमात राहू नये. करारपत्रात ही जबाबदारी बहुधा लेखकावरच टाकलेली असते.

प्रकाशकाच्या बाजूने बोलायचे तर पहिले श्रेय संपादकाला द्यावे लागेल. चरित्रनायिकेविषयीच्या आदरापोटी आपण तिच्या माहेरची वंशावळ चार पिढ्या मागे नेतो, आणि ती कापून टाकण्याचे धैर्य आपल्यापाशी नसते. माझ्या संपादकांनी ती कापली. शिवाय मूळ पत्रे जोडून नेलेला मुंबईतल्या शिक्षणाचा भाग त्यांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला, आणि आज तेच प्रकरण पुस्तकात सर्वांत वाचनीय झाले आहे असे मला वाटते. दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. रविवारच्या पुरवण्यांत परीक्षण यायचे असेल, तर पुस्तकावर कोणाचे बोधचिन्ह आहे याला आजही महत्त्व आहे. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: लेखकाने स्वतः छापलेल्या पुस्तकाला विकिपीडियावर संदर्भ म्हणून सहसा मान दिला जात नाही. ज्या व्यक्तीविषयी इतर लेखन जवळपास नाहीच, तिच्या बाबतीत हा तोटा लहान म्हणता येणार नाही, कारण उद्याचा विद्यार्थी तिचे नाव आधी तिथेच शोधणार आहे.

खर्चाचे गणित सर्वांना ठाऊक असते. प्रकाशक खर्च उचलतो आणि लेखकाला साधारण १० टक्क्यांच्या आसपास मानधन देतो. स्वतः छापले तर सगळा पैसा आपला जातो, आणि विक्रेत्याची सूट वजा करून जे उरेल तेवढे परत येते. या विषयावरच्या पुस्तकात दोन्ही वाटांनी श्रीमंत होण्याचा धोका नाही.

रंगीत चित्रांबाबत मात्र फरक जाणवला. प्रकाशकाच्या आवृत्तीत रंगीत चित्रे आर्टपेपरच्या एका वेगळ्या भागात पुस्तकाच्या मधोमध बसवली होती, आणि मजकुरातली चित्रे काळी-पांढरी होती. फिकट पिवळा आणि राखाडी यांच्या जेमतेम फरकावर उभे असलेले जलरंगातले निसर्गचित्र काळ्या-पांढऱ्यात छापले की त्याचा चिखल होतो. माझ्या सांगलीच्या छपाईत रंग अगदी अचूक उतरले असा माझा दावा नाही. पण यंत्राशेजारी उभे राहून पहिला कागद मूळ चित्राशी ताडून पाहता आला, आणि ज्या पानावर चित्राची चर्चा आहे त्याच पानावर ते चित्र ठेवता आले.

मलपृष्ठावरच्या मजकुराचेही असेच. विक्रीच्या दृष्टीने प्रकाशकाला तिथे एका नामवंत चित्रकाराचे नाव हवे होते, आणि त्यांची शिष्या म्हणून आमच्या बाईंची ओळख करून द्यायची होती. त्यात खोटे काही नव्हते, म्हणून मी फार ताणून धरले नाही. तरी अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांच्यासारख्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रीतसर शिकलेल्या चित्रकर्तीचा उल्लेखही अजून बहुतेकदा नामवंत चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधरांच्या कन्या असाच सुरू होतो. ते पाहता चरित्राच्या मलपृष्ठाने तरी निराळी सुरुवात करावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

परंतु माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला ती रंगांची नव्हे आणि मलपृष्ठाचीही नव्हे. उपेक्षित कलावंताचे चरित्र प्रसिद्ध होते तेव्हा संशोधन संपलेले नसते, खरे तर ते तेव्हाच सुरू होते. प्रसिद्ध माणसाची कागदपत्रे आधीच कुठेतरी गोळा झालेली असतात. अशा बाईंची चित्रे मात्र माजघरांत, ट्रंकांत आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडलेली असतात, आणि ती कोणाची आहेत हे घरच्यांनाही पुस्तक पाहिल्यावर कळते. पहिली आवृत्ती बाहेर पडली आणि काही आठवड्यांत तासगावच्या एका घरातून निरोप आला की, आमच्याकडे अशाच हाताचे एक तैलचित्र आहे, पण खाली सही निराळ्याच आडनावाची आहे. ते त्यांचे माहेरचे आडनाव निघाले. तोपर्यंत त्यांचे एकही तैलचित्र कोणाच्या पाहण्यात नव्हते, आणि माहेरच्या नावाने सही केलेली चित्रे शोधावीत असे कोणाला सुचलेही नव्हते. मग इस्लामपूरहून, वाईहून, अगदी बेळगावहूनही निरोप येऊ लागले.

मी प्रकाशकांना कळवले. उत्तर आले, "दुसऱ्या आवृत्तीत पाहू." चार पानांची पुरवणी छापून शिल्लक प्रतींत घालावी असे सुचवले, तर प्रती वितरकांकडे गेल्या आहेत असे समजले. त्यांची अडचण मला समजत होती. हजार प्रती एकदम छापणारा माणूस याहून वेगळे काय करणार? तरीही पुढची काही वर्षे व्याख्यानांत मी तैलचित्र पडद्यावर दाखवीत होतो आणि बाहेरच्या टेबलावर तैलचित्राचा उल्लेखही नसलेले पुस्तक विकले जात होते. श्रोते नेमके त्याच चित्राविषयी विचारीत. या एका त्रासापुढे बाकीचे फायदे मला फिके वाटू लागले.

आता डिजिटल छपाईवर शंभर-शंभर प्रतींचे संच काढतो. हजारो प्रती एकदम काढणाऱ्या ऑफसेट छपाईपेक्षा प्रतीमागे खर्च नक्कीच जास्त येतो, आणि रंगीत पाने वाढली की तो अधिकच टोचतो. पण प्रत्येक संचात नवे सापडलेले चित्र, दुरुस्त झालेले साल आणि दोन्ही आडनावांची सूची अद्ययावत जाते. साठाही थोडाच ठेवावा लागतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातल्या ग्रंथांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, ते घराच्या तळमजल्यावर पुस्तकांचे गठ्ठे रचणार नाहीत.

कागदोपत्री कामाला घाबरण्याचे कारण नाही. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात, आणि हे टाळू नये. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक आपणही पाठवू शकतो. टपालाचे मात्र दुखणे झाले होते, कारण नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेमुळे थोडा दिलासा आहे, पण तिच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

प्रसाराबाबत माझा अनुभव कदाचित आमच्या भागापुरता असेल. पुण्यातल्या समारंभपूर्वक प्रकाशनाला गर्दी चांगली होती, पण तिथून एकही नवे चित्र हाती लागले नाही. औदुंबरला संक्रांतीच्या दिवशी भरणाऱ्या साहित्य संमेलनात, तालुक्याच्या वाचनालयांत आणि साताऱ्याच्या ग्रंथमहोत्सवात माणसे पुस्तक चाळता चाळता "ही सही आमच्याकडे आहे" असे सांगतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवणारे कलाशिक्षक हा तर सर्वांत भरवशाचा वाचकवर्ग. ते स्वतः घेतात आणि शाळेलाही घ्यायला लावतात. एका बाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तके लुटली, तेव्हा आधी मला गंमत वाटली होती. पण त्यातूनच पुढे आमच्या बाईंच्या दोन जुन्या विद्यार्थिनी भेटल्या, आणि त्यांच्या आठवणी लगेच पुढच्या संचात घालता आल्या.

अर्थात आपल्या चित्रकर्तीची बहुतेक कामे एखाद्या संग्रहालयात आधीच नोंदलेली असतील आणि नवे काही सापडण्याचा संभव कमी असेल, तर प्रकाशकाची वाट अधिक सोयीची ठरेल. त्या वाटेने जाणाऱ्यांनीही सह्या करण्यापूर्वी दोन कलमे मागून पाहावीत. ठरावीक काळ पुस्तक अनुपलब्ध राहिले तर हक्क आपोआप लेखकाकडे परत यावेत, हे एक. नवी माहिती मिळाल्यास लेखकाच्या खर्चाने का होईना, शिल्लक प्रतींत पुरवणी घालण्याची मुभा असावी, हे दुसरे. मला हक्क परत मिळाले ते पहिल्या कलमामुळे. दुसरे कोणी मान्य केल्याचे अजून ऐकलेले नाही, पण करणारा प्रकाशक भेटला तर वरचा बराचसा युक्तिवाद मागे घ्यायला माझी हरकत नाही.