गच्चीवरची बाग: पैसे 35 पोत्यांचे, माल 22 पोत्यांचा

आठ वाफे. प्रत्येक 120 बाय 60 सेंटीमीटर, खोली 30. एका वाफ्यात 216 लिटर, आठांत 1728. म्हणजे 50 लिटरची 35 पोती. ठेकेदाराच्या कोटेशनात 35, बिलातही 35. टोमॅटो का माना टाकतायत ते बघायला एक वाफा उकरला, तर वर 19 सेंटीमीटर माती आणि खाली 11 सेंटीमीटर राडारोडा: विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, फरशीच्या कपच्या. बाकीचे सातही तसेच. 13 पोती हवेत गेली. आणि 90 टक्के पैसे देऊन झालेले.

जी 22 आली तीही ठरलेली नव्हती. ठरलं होतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 40 टक्के, गांडूळखत 30, माती 20, पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) 10. आली ती चिकट लाल माती, वर दोन बोटं कोकोपीटचा थर. नमुन्याची पिशवी मात्र अस्सल होती, हे सांगायलाच हवं. वरून हात घातला तर मऊ, भुसभुशीत लागायचं. कोण कोपरापर्यंत हात खुपसून बघतं?

पण बघायला हवं होतं. खरं तर हातही घालायची गरज नव्हती. जिन्यावरून एक पोतं दोघं मिळून चढवत होते, तिसऱ्या पायरीवर टेकवून श्वास घेत होते. 50 लिटर ओलसर मिश्रण भरतं 25 ते 30 किलो, एकटा माणूस खांद्यावर टाकून नेतो. तेवढीच ओलसर माती 60 किलोच्या पुढे जाते. हे आकडे तोंडपाठ असूनही ते दृश्य बघून माझ्या तोंडातून निघालं काय, तर ‘माल वजनदार दिसतोय!’ वजनकाटा घरातच होता. त्या एका वाक्याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

पोतं तोला. बाटलीत तिसरा हिस्सा मिश्रण, वर पाणी, खळखळून हलवा आणि तासभर ठेवा: कोकोपीट, पर्लाइट बरंचसं वर तरंगतं, वाळू लगेच तळाशी बसते, चिकणमातीने पाणी गढूळच राहतं. रिकामी पोती मोजून घ्या, कामगारांना परत नेऊ देऊ नका.

यात नुसती झाडं मरत नाहीत. हलकं मिश्रण भिजल्यावर 30 सेंटीमीटर खोलीला दर चौरस मीटर साधारण 270 किलो भरतं. इथे माती आणि राडारोडा मिळून साडेचारशेच्या वर. साध्या वापराच्या गच्चीचा स्लॅब दीडशे-दोनशे किलोच्या हिशेबाने बांधलेला असतो, म्हणून तर वाफे हलके ठेवून बीमच्या किंवा भिंतीच्या डोक्यावर मांडायचे असतात. या ठेकेदार महाभागाने ‘दिसायला छान’ म्हणून चार वाफे स्लॅबच्या मधोमध ठेवले.

ड्रेन सेलची, म्हणजे पाणी वाहून जायला खाली ठेवायच्या प्लास्टिकच्या जाळीदार तुकड्यांचीही तीच गत. वाफ्यांखाली 30 मिलिमीटर उंचीचे, वर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), असं लिहून दिलेलं. कडेने दिसतील एवढेच काळे तुकडे लावले होते. आत वाफा थेट स्लॅबवर, खाली साचलेलं पाणी. वॉटरप्रूफिंगचे दोन हात ठरले, मारला एक. दोन हात दोन वेगळ्या रंगांत मारून घ्या, पहिला राखाडी, दुसरा पांढरा, म्हणजे चोरी डोळ्यांना दिसते. आणि गच्चीवर पाणी कोंडून गळतीची चाचणी झाल्याशिवाय एक वाफाही वर चढवू देऊ नका. इथे ती सहा तासांत उरकली, ‘ऊन फार आहे’ म्हणून.

तक्रारीचं काय झालं विचारू नका. चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला. वर प्रश्न: ‘वाफ्यात माती आहे ना? मग फसवणूक कसली?’ 11 सेंटीमीटरचा फोटो दाखवला, मोजपट्टीसकट. त्यांनी तो उलटा धरून बघितला. ग्राहक कक्षात म्हणाले पक्कं बिल हवं. बिल दिलं तर म्हणाले त्यावर ‘बागकाम साहित्य, एकूण’ एवढंच आहे, प्रमाण कुठे लिहिलंय? कोटेशनावर सही नाही, म्हणून तो नुसता कागद. बांधकाम खात्यात वजनाचा मुद्दा काढला, तर त्यांनी आधी बागेची परवानगी मागितली आणि तक्रारदारालाच खुलासा करायला लावला! चार टेबलं, सात चकरा, तीन अर्ज, हातात एक पोचपावती. ठेकेदाराला कोणी साधा फोनही केला नाही. तेव्हा प्रमाण, पोत्यांची संख्या, वॉटरप्रूफिंगच्या हातांची संख्या हे सगळं बिलावरच लिहून घ्या, आणि शेवटचे 30 टक्के तरी पहिल्या पावसानंतरच द्या.

सध्या वाफे रिकामे करून पाइपांची तोंडं बुजवली आहेत, गच्चीवर 5 सेंटीमीटर पाणी. भिंतीवर खडूची खूण, शेजारी पाण्याची बादली, तिच्यातही खूण, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते वेगळं कळतं. 48 तासांत बादलीतलं पाणी 8 मिलिमीटर उतरलं. गच्चीवरचं 19.