शिडाच्या होडीवर थंडावा: बर्फाची पेटी घ्यावी की बारा व्होल्टचा फ्रिज?

बडोद्यात राहून शिडाच्या होडीची हौस करायची म्हणजे होडी मुंबईच्या बंदरात आणि मालक रावपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये, असाच संसार. खंभातचं आखात त्या मानाने जवळ, पण तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. हौशी माणसाने तिथे शीड उभारायच्या फंदात पडू नये. म्हणून शुक्रवार रात्रीची गाडी, शनिवारी मांडव्याकडे आणि रजा जास्त असली तर मुरूडकडे. मग पहिल्याच खरेदीला प्रश्न येतो: वीस-पंचवीस फुटी होडीत दूध, पनीर, कोलंबी ठेवायची कशात?

आधी माठाचा विषय संपवू, कारण आपल्याकडचा प्रत्येक जण तो सुचवतोच. मे महिन्यात बडोद्याला ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्याखालची वस्तू २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा ‘मिट्टीकूल’ हा मातीचा फ्रिज याच बाष्पीभवनावर चालतो. समुद्रावर पारा ३२ च दाखवेल, पण आर्द्रता ७५ टक्के असली तर हाच उपाय २८ च्या खाली जात नाही. भाजीला थोडा आराम, दुधाला काहीही नाही.

आता खरा हिशेब, तोही यंत्राचा नव्हे तर पेटीचा. बाहेरून ६० × ४० × ४० सेंटिमीटरची पेटी धरा. पृष्ठभाग साधारण सव्वा चौरस मीटर. भिंतीत ५ सेंटिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम), आत ५ अंश, बाहेर ३५ अंश. एवढ्यात अठरा-एकोणीस वॉट उष्णता सतत आत झिरपते, म्हणजे दिवसाला सुमारे ४५० वॉट-तास. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॉट-तास उष्णता शोषतो. तेव्हा झाकण एकदाही न उघडता रोज जवळजवळ ५ किलो बर्फ नुसत्या भिंतींनी खाल्ला! पफ १० सेंटिमीटर केला की हा खर्च निम्म्यावर येतो. थर्माकोलची पेटी स्वस्त पडते, पण त्याच जाडीला उष्णता दीडपट आत येते.

युरोपातल्या होड्यांचे सल्ले वाचून पेटी पाण्याच्या पातळीखाली बसवायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. तिकडचं पाणी गार असतं म्हणून ते चालतं. मुंबईजवळ मे महिन्यात समुद्रच २९-३० अंशांवर असतो. तो तुमची पेटी काय गार करणार?

विकत घेण्याआधी कुठलीही पेटी बडोद्यातच तपासता येते, आणि उन्हाळ्यातली आपली गॅलरी ही त्यासाठी फार कठोर परीक्षक आहे. आदल्या रात्री आत गार पाण्याच्या बाटल्या ठेवून पेटी थंड करून घ्यायची. सकाळी बाटल्या काढून ८ किलो बर्फ भरायचा, झाकण लावून पेटी सावलीत ठेवायची. चोवीस तासांनी तळाची तोटी उघडून पाणी लिटरच्या मापाने मोजायचं. ४ लिटर निघालं तर ३७० वॉट-तास आत आले, ७ निघालं तर साडेसहाशे. पेटीवरचं ‘पाच दिवस बर्फ टिकतो’ हे स्टिकर वाचण्यापेक्षा हे माप बरं. आकडा वाईट आला तर पहिला संशय झाकणाच्या कडेच्या रबरी गॅस्केटवर घ्या. झाकणात कागदाची पट्टी अडकवून चारही बाजूंनी ओढून बघा. जिथून ती सहज सुटते तिथूनच थंडावा गळतो.

बर्फ कुठला, यानेही फरक पडतो. चुरा केलेला बर्फ माल पटकन गार करतो, पण हवा लागणारा पृष्ठभाग जास्त म्हणून लवकर संपतो. लादीचा अखंड तुकडा टिकतो. मासेमारीच्या बंदरावर मिळणारा बर्फ मासळीसाठी असतो. तो सरबतात टाकू नका. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो याचसाठी. माझी पसंती पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांना. घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस आधी ठेवायच्या. होडी हलली तरी पाणी सांडत नाही, आणि वितळलेलं पाणी प्यायला. सुटा बर्फ वापरत असाल तर त्याचं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या पोकळीत, सोडू नका. मासळीचं पाणी तिथे एकदा मुरलं की पुढचा महिनाभर होडी सगळ्यांना त्याची आठवण करून देते.

आता विजेवरचे दोन पर्याय. दिसायला भाऊ, स्वभावाने परके.

पहिला पेल्टिअरचा डबा: स्वस्त, हलका, कारच्या चार्जिंग सॉकेटला लागणारा. १८३४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिअर यांना सापडलेल्या परिणामावर तो चालतो: वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जातो, त्यापुढे नाही. बाहेर ३५ तर आत १५ ते २०. दूध किंवा कोलंबी ५ अंशांच्या आत हवी, मग हा डबा काय कामाचा? वर तो बारा व्होल्टवर चार-साडेचार अँपिअर अखंड ओढतो, म्हणजे दिवसाला शंभर अँपिअर-तासांच्या आसपास. अख्खी बॅटरी खर्चून कोमट ताक. एअरकंडिशन्ड गाडीतून सापुताऱ्याला जाताना घ्या खुशाल, होडीवर नको.

दुसरा कॉम्प्रेसरचा फ्रिज. हा खरा फ्रिज, आणि किंमत पाच आकडी. चालू असताना तो तीन-चार अँपिअर घेतो, पण तापमान गाठलं की बंद पडतो. वरच्याच मापाच्या पेटीला, झाकणाची उघडझाप धरून, आपल्या हवेत दिवसाला ४०-४५ अँपिअर-तास (बारा व्होल्टवर सुमारे पाचशे वॉट-तास) धरून चाला. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे एका दिवसात ती संपली. लिथियम असेल तर जवळजवळ दोन दिवस. भर घालायला दीडशे वॉटचं सोलर पॅनेल लख्ख उन्हात दिवसाला पाचशे-सहाशे वॉट-तास देतं, हिशेब जेमतेम जुळतो. पण शिडाच्या होडीवर शिडाचीच सावली पडते, आणि पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन कोसळतं. शिवाय कॉम्प्रेसर बंद कप्प्यात कोंबला तर तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. होडी किती अंश कललेली चालते तेही कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. बऱ्याच मॉडेलना ३० अंशांपर्यंत चालतं.

गॅसवर चालणारा फ्रिज कुणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. त्याला सपाट जमीन लागते, आणि गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून बिल्जमध्ये साचतो.

मग घ्यायचं काय? दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या असतील तर १० सेंटिमीटर पफची पेटी आणि गोठवलेल्या बाटल्या, बस. झाकणाची उघडझाप आणि नवा माल गार करणं धरून रोज ४ किलोचा हिशेब ठेवा, पहिल्या रात्रीसाठी थोडा जास्त. सलग आठवडाभर गोव्याकडे जायचं असेल, किंवा कोणाचं इन्सुलिन सोबत असेल, तर कॉम्प्रेसर. तोही जाड भिंतीच्याच पेटीत, कारण पातळ पेटीत बसवलेला कॉम्प्रेसर रात्रभर धावतो आणि बॅटरी पहाटे हात वर करते.

शिदोरीही जरा विचारून भरली तर पेटी अर्धी रिकामी राहते. दशम्या, लोणचं, मेतकूट, तूप, गूळ यांना थंडावा लागतच नाही. बडोद्याचा लीलो चिवडोही दोन दिवस बाहेर मजेत राहतो. टेट्रापॅकचं दूध फोडेपर्यंत बाहेरच ठेवा, आणि एका वेळी संपेल असं छोटं पाकीट घ्या. श्रीखंड मात्र स्टीलच्या डब्यात गोठवून न्या: पहिला दिवस ते बर्फाचं काम करतं, दुसऱ्या दिवशी जेवणाचं. पेयं वेगळ्या छोट्या पेटीत, कारण मुलं दर दहा मिनिटांनी उघडतात ती तीच. आणि कॉम्प्रेसर घेतलाच तर त्याची बॅटरी स्वतंत्र ठेवा; दिवे, इंजिनाचा स्टार्टर आणि संपर्काचा व्हीएचएफ रेडिओ त्या बॅटरीवर नकोत.