श्वासनळीत कॅन्सरची गाठ: नळी मोकळी करायची, स्टेंट घालायचा की शेक (रेडिएशन) घ्यायचा?

मोठ्या बाबांच्या श्वासाची शिट्टी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. पाठीशी तीन उशा, रात्रभर बसून. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले, घरात मतं सात झाली. तुमचंही तेच चाललं असेल तर आधी एवढंच विचारा: गाठ नळीच्या आत वाढलीय की बाहेरून दाबतेय? आणि अडथळ्यापलीकडचं फुप्फुस अजून कामाचं आहे का? ते गेलेलं असेल तर नळी उघडूनही दम तसाच राहतो.

गाठ आत असेल तर पूर्ण भूल देऊन रिजिड ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे तोंडातून ताठ दुर्बीण घालून, ती लेझर, कॉटरी (विजेने जाळून) किंवा क्रायोने (गोठवून) काढतात. आराम बहुधा एक-दोन दिवसांत, आणि घरी आल्यावर वेगळं काही सांभाळावं लागत नाही. पण गाठ पुन्हा वाढली की पुन्हा टेबलावर. बाहेरून दाब असेल तिथे लेझर काय जाळणार? तिथे स्टेंटच, म्हणजे श्वासनळी आतून उघडी धरणारी छोटी पोकळ नळी.

शेकाला भूल लागत नाही, थुंकीतून रक्त पडत असेल तर तो चांगला. पण गुण यायला आठवडे जातात, मधे सूज आली तर श्वास आणखी अडतो. आडवं होता येत नाही त्या माणसाला नुसत्या शेकावर ठेवू नये, असं माझं मत. आधी नळी उघडून मग शेक, हेही करतात.

स्टेंटमध्ये सिलिकॉनचा काढता येतो, पण सरकतो. धातूच्या जाळीचा बसवायला सोपा, पुढे काढायला अवघड. आवरण नसेल तर गाठ जाळीतून आत येते. कफ दोन्हींत साचतो, कारण नळीची कफ वर ढकलणारी लव स्टेंटखाली झाकली जाते.

मोठ्या बाबांना सिलिकॉनचा बसवला. तिसऱ्या दिवशी तर्री पोहे खाता खाता ते न थांबता अख्खं वाक्य बोलले, “यात मीठ कमी आहे.” कॅन्सर होता तिथेच होता, झोप मात्र परत आली. त्याबदल्यात रोज सलाईनची वाफ. मे महिन्यात चंद्रपूरला लग्नाला गेलो आणि नेब्युलायझर घरीच राहिलं. दुसऱ्या रात्री शिट्टी परत. दुर्बिणीने कफ काढून घ्यावा लागला.

दुसरं मत घ्यायला तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानचं एम्स आहे. जाण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या: रिजिड स्कोपी इथे होते का, आणि रात्री स्टेंट तुंबला तर कोण बघेल?