मॅमोग्राफी की सोनोग्राफी?

"सोनोग्राफीत दुखत नाही, मग मॅमोग्राफी कशाला?" हा प्रश्न नेहमीचा. पण स्तनांच्या या दोन्ही तपासण्यांत दिसतं वेगवेगळं.

मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे. स्तन दोन प्लेटांमध्ये काही सेकंद दाबून धरतात. प्रत्येक बाजूचे साधारण 2 फोटो. दाब नकोसा होतो खरा, पण त्यामुळेच चित्र स्पष्ट येतं आणि किरण कमी लागतात. पाळीनंतरच्या आठवड्यात गेल्यास दुखणं कमी. त्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर नको. त्यातले कण कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तेच ठिपके (कधी कधी कर्करोगाची सुरुवातीची खूण) पकडणं ही मॅमोग्राफीची खासियत. सोनोग्राफीत ते बहुधा निसटतात.

सोनोग्राफीत ना किरण, ना दाब. गाठ पाण्याची की भरीव, हे चटकन कळतं. मात्र तपासणाऱ्याचा हात सरावलेला हवा.

चाळिशीनंतर, त्रास नसताना नियमित तपासणीसाठी मॅमोग्राफीच. तिशीच्या आत किंवा गरोदरपणात गाठ लागली तर आधी सोनोग्राफी. स्तन दाट (चरबी कमी, ग्रंथींची ऊती जास्त) असतील तर मॅमोग्राफीत ऊतीही पांढरी, गाठही पांढरी; तिथे डॉक्टरांना विचारून दोन्ही. जुन्या फिल्म सोबत न्या. आणि हाताला गाठ लागतेय, पण मॅमोग्राफी नॉर्मल? तरी डॉक्टरांना दाखवाच.